जंतांची लस येईपर्यंत



2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. त्या दिवशी शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. आपल्या अंतरवाली सराटीत पालक विचारतात, "पोलिओची, गोवरची लस आहे, मग जंतांचीच का नाही? दरवेळी गोळी कशाला?" प्रश्न रास्त आहे.

गोळीने पोटातले जंत मरतात, पण पुढची लागण टळत नाही. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते, आतड्यात पोहोचते आणि तेथे रक्त पिते. त्यामुळे मूल फिकट पडते व अभ्यासात मागे राहते. उघड्यावरची विष्ठा मातीत मिसळत राहिली, की हे चक्र चालूच राहते.

लस करणे मात्र सोपे नाही. विषाणू अतिसूक्ष्म असतो. जंत हा अनेक पेशींचा प्राणी आहे. तो शरीरात रूप बदलतो आणि आपली प्रतिकारशक्ती थंड पाडतो. ब्राझीलमध्ये अंकुशकृमीवरील एक लस टोचून पाहिली, तेव्हा पूर्वी लागण झालेल्यांच्या अंगावर पित्त उठले आणि ती लस सोडून द्यावी लागली. आता जंताला रक्त पचवू न देणाऱ्या लसीवर संशोधन चालू आहे. जनावरांसाठी काही लसी निघाल्या आहेत, माणसासाठी अद्याप एकही वापरात आलेली नाही.

मग हातावर हात धरून बसायचे काय? नाही! आपल्या वडीलधाऱ्यांना नारू आठवत असेल. पायातून हातभर लांब जंत निघायचा. महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता. त्यावर ना लस होती, ना औषध. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, हातपंप आले, पाणी फडक्याने गाळले गेले. 1996 साली देशातला शेवटचा रुग्ण राजस्थानात आढळला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते माणुसकीच्या हक्कासाठी. शुद्ध पाणी, शौचालय आणि मुलांच्या पायात चप्पल या मागण्या त्याच हक्काच्या आहेत, असे आम्ही मानतो. लस येईल तेव्हा तिचे स्वागतच करू. तोवर गोळी चुकवू नका, जेवणाआधी साबणाने हात धुवा, शेतात अनवाणी जाऊ नका आणि शौचालय वापरा. नारू गेला, तसे हे जंतही हटवता येतील.

जय भीम!