काळजीचे दोन रकाने

आमच्या वरुडात ऑगस्टात आंबिया बहाराची संत्री गळू लागली, की घरोघरी काळजी शिरते. "फळं गळून राहिली," म्हणत बाबा रात्रभर जागे. माझ्याही पोटात गोळा आला.

गुरुजी म्हणाले, "काळजीने शरीर पळायला तयार होते, म्हणून छाती धडधडते. श्वास सावकाश सोडा, धडधड कमी होते."

मग मी पाटीवर दोन रकाने आखले. हाती नाही : पाऊस, भाव. हाती आहे : गळलेली फळे वेचून पुरणे, साचलेले पाणी काढणे. बाबा म्हणाले, "हे तं आजच करू!" आम्ही टोपल्या उचलल्या. त्या रात्री बाबा झोपले.

पालकहो, तरीही झोप येत नसेल, तर टेली-मानस १४४१६ वर फोन करा. २०२२ पासूनची ही सरकारी सेवा मोफत आहे.