उरलेल्या साखळ्यांचा घात
थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता, ही समजूत अपुरी आहे. हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा थॅलेसेमियात बीटा साखळ्या कमी पडतात, अल्फा मात्र बनतच राहतात. जोडीदार न मिळालेल्या या अल्फा साखळ्यांच्या पेशीत गुठळ्या होतात, पेशीच्या आवरणाला इजा पोचते आणि घडू पाहणाऱ्या बहुतेक तांबड्या पेशी अस्थिमज्जेतच मरतात. कोणी म्हणेल, बीटाचा तुटवडाच पुरेसे कारण नाही का? तसे असते, तर ज्या रुग्णात अल्फाही कमी बनतात त्याचा आजार बळावला असता. प्रत्यक्षात तो बहुधा सौम्य होतो. मला हा पुरावा निर्णायक वाटतो.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात या आजाराचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. तिथल्या सिंधी समाजात बीटा जनुकातील डीएनएची ६१९ अक्षरे गळाल्याचा दोष बराच आढळतो. तपासणीने समाजावर शिक्का बसेल, ही भीती समजण्यासारखी आहे. पण वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेला माणूस सहसा निरोगी असतो, आणि थॅलेसेमियाचे वाहक मराठी घरांतही सापडतात. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता २५ टक्के असते. म्हणून आपण वाहक आहोत का हे कळण्यासाठी लग्नाआधीच हिमोग्लोबिन ए२ तपासून घ्यावे.