विहिरीत दगड टाकला, पाइप का कमी पडला?

आज स्टुडिओ-बिडिओ काही नाही, श्रीगोंद्याला आमच्या विहिरीच्या काठावर उभा आहे. अकरावीतल्या बऱ्याच जणांची एकच तक्रार असते: दगड खाली सोडला की गणित येतं, वर फेकला की चुकतं.

आधी सोपं बघू. दगड नुसता सोडायचा, म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. डुबुक व्हायला २ सेकंद लागले, तर अर्धा गुणिले ९.८ गुणिले २ चा वर्ग. १९.६ मीटर, साधारण ६४ फूट. हे पाण्यापर्यंतचं अंतर बरं का, तळापर्यंतचं नाही.

आवाज वर यायला वेळ लागतो ना? लागतो, पण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ०.०६ सेकंदच. खरा घोळ अंगठ्याचा. स्टॉपवॉच ०.२ सेकंद उशिरा सुरू झालं तर २ च्या जागी १.८ दिसतात आणि अंतर १५.९ मीटर येतं. तब्बल १२ फूट कमी! मी बीटेकच्या तोऱ्यात एकदाच मोजून मोटारीचा पाइप आणला होता. कमी पडला. अण्णा एवढंच म्हणाले, "दोर सोडून बघायचा ना आधी."

आता दगड काठावरून ९.८ च्या वेगाने सरळ वर फेकू. मुलं याचे दोन तुकडे करतात, वर जाणं वेगळं, खाली येणं वेगळं, आणि मध्येच जी चं चिन्ह बदलतात. तसं करू नका. वरची दिशा प्लस ठरवली ना, मग वेग +९.८, जी −९.८, पाणी −१९.६, शेवटपर्यंत. माथ्यावर वेग शून्य होतो, त्वरण नाही. त्वरणही शून्य झालं असतं तर दगड तिथेच लटकला असता.

वेळेला 'व' म्हणू:
−१९.६ = ९.८व − ४.९व²

४.९ ने भागून व² − २व − ४ = ०. उत्तरं दोन, ३.२४ आणि −१.२४. आपलं उत्तर ३.२४ सेकंद.

मायनसवालं लगेच खोडू नका. दगड पाण्याच्या पातळीवरून वर आला असता आणि काठापाशी त्याचा वेग ९.८ असता, तर तो पाण्यापासून १.२४ सेकंद आधी निघाला असता.

आता तोच दगड त्याच वेगाने खाली फेका. फक्त वेगाचं चिन्ह बदला आणि सोडवा. १.२४ सेकंद येतं का बघा.