खाणीचा गाळ वजनाने भारी, पण आतून घट्ट आहे का? असं तपासतात

२५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्योजवळ लोहखनिजाच्या खाणीचं गाळाचं धरण फुटलं. ८६ मीटर उंचीचा बांध काही सेकंदांत ढासळला. जेवणाच्या वेळी गाळाचा लोंढा खाणीच्या कँटीनवर गेला, पुढे वस्तीत शिरला. २७० जणांचा जीव गेला. विशेष म्हणजे, तिथे २०१६ पासून नवीन गाळ टाकणं बंद होतं आणि बांधावर गवत उगवलं होतं.

मग जुना, बसलेला गाळ असा वाहिला कसा?

टेलिंग्ज म्हणजे काय?
खडक दळून, धुऊन त्यातलं खनिज काढून घेतलं की बारीक भुकटी आणि पाणी उरतं. यालाच टेलिंग्ज म्हणतात. ब्रुमाडिन्योत बांधाची उंची वाढवताना नवा थर जुन्या गाळावरच रचत गेले होते. म्हणजे गाळ कच्चा, तर बांधही कच्चा.

वजनावरून फसू नका
डब्यात ज्वारी भरून डबा आपटला की ज्वारी खाली बसते, कारण दाण्यांमधली पोकळी कमी होते. गाळाचंही तसंच आहे. पण त्याच्या पोकळीत पाणी असतं. सैल गाळ अचानक दबला आणि पाण्याला निघायला वाट मिळाली नाही, तर भार पाण्यावर येतो. दाणे एकमेकांना सोडतात आणि घट्ट दिसणारा गाळ पातळ होऊन वाहू लागतो.

म्हणून नुसतं वजन करून भागत नाही. समजा, एक घनमीटर कोरडी वाळू १.६ टन भरली. वाळूच्या दाण्याची घनता साधारण २.६५ असते, म्हणजे पोकळी ४० टक्के. आता लोहखनिजाचा गाळ २.५ टन भरला आणि त्याच्या दाण्याची घनता ४.५ असली, तर पोकळी निघते ४४ टक्के. वजन जास्त, तरी गाळ जास्त सैल!

तपासणी कशी होते?
वरच्या थरात खड्डा घेऊन निघालेला माल सुकवून तोलतात. खड्ड्यात मोजून वाळू ओततात, त्यावरून खड्ड्याचं आकारमान कळतं. खोलातल्या थरासाठी टोकदार सळई सेकंदाला २ सेंटिमीटर या ठरलेल्या वेगाने आत दाबतात. टोकाला किती विरोध होतो, बाजूला किती घर्षण होतं आणि पाण्याचा दाब किती, हे यंत्र नोंदवत जातं. मऊ थरात चार पात्यांचा पंखा रोवून फिरवतात. किती जोर लावल्यावर गाळ तुटतो, ते कळतं. पिझोमीटर आतल्या पाण्याचा दाब सांगत राहतो.

ब्रुमाडिन्योच्या चौकशीत तज्ज्ञांना गाळ सैल, जड आणि पाण्याने भरलेला आढळला. लोहाच्या गंजाने दाणे एकमेकांना चिकटले होते. त्यामुळे तो वरून कडक भासत होता, पण तुटला तो एकदम. आधी डोळ्यांना दिसेल अशी खूण मिळाली नाही.

आपण काय विचारायचं?
गोव्याच्या खाणपट्ट्यातही धुलाईचा गाळ तळ्यांत साठवलेला आहे. अशा साठ्याखाली गाव असेल तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. खोलवर तपासणी शेवटची कधी झाली? पावसाळ्यात पाण्याचा दाब किती वाढतो? बांध फुटला तर लोंढा कुठवर येईल, याचा नकाशा कुठे आहे? बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी झिरपताना दिसलं, तर त्याच दिवशी तहसीलदारांना कळवा.