गुलटेकडीची पत

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रात्री उतरलेला भाजीपाला आणि फळफळावळ सकाळ सरण्यापूर्वी विकली जाते, आणि विक्री आटोपताच आडत्याच्या गाळ्यावर जी हिशोबपट्टी लिहिली जाते तिच्याकडे बँकिंगच्या अभ्यासकाने द्यावे तितके लक्ष क्वचितच दिले जाते. पट्टीवर शेतकऱ्याचे नाव, त्याचे गाव, मालाचे डाग, वजन, भाव आणि एकूण रक्कम असते. खाली मोटारभाडे, हमाली, तोलाई वजा जाते आणि मग उरते ते निव्वळ येणे. २०१६ पर्यंत या वजावटीत आडतही असे. त्या वर्षी शासनाने फळे-भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असा दंडक घातला. हे निव्वळ येणे विक्रीच्या दिवशीच चुकते व्हावे अशी कायद्याची अपेक्षा आहे. परंतु ज्या किरकोळ विक्रेत्याने तो माल उचलला त्याच्या हाती पैसा येतो तो तीच भाजी पेठेपेठेतून विकून झाल्यावर. म्हणून तो आठवड्याने देतो, सणासुदीला त्याहून उशिरा देतो, आणि गूळ-भुसार विभागात तर दुकानदाराची उधारी महिना-महिना चालते. शेतकऱ्याला आज द्यावयाचे आणि दुकानदाराकडून पुढे केव्हातरी यावयाचे, या दोन तारखांमधील अंतर कोणी तरी स्वतःच्या पैशाने भरून काढावे लागते. एके काळी ते सावकार भरीत असे. आज बऱ्याच अंशी ते सहकारी बँका भरतात. मार्केट यार्डातील बँकेचे स्थैर्य, तिची वाढ आणि तिची सेवा या तिन्ही प्रश्नांचा उगम त्या अंतरात आहे, असे माझे मत आहे.

हा प्रश्न पुणे जिल्ह्याला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे आठवडे बाजाराच्या दिवशी रयतेने सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि कर्जरोखे, खतपत्रे, वह्या यांची होळी केली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले होते, जमीनमहसुलाची फेरआकारणी वाढली होती, आणि दिवाणी अदालतीच्या हुकूमनाम्याने जमीन सावकाराच्या घशात जात होती. दंगलीची चौकशी झाली, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला आणि न्यायालयाला कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशोब तपासण्याचा अधिकार मिळाला. तथापि जुने कर्ज हलके झाले तरी पुढच्या पेरणीला पैसा कोठून आणावयाचा, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. ते शोधले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि सर विल्यम वेडरबर्न यांनी. १८८० नंतरच्या त्या काही वर्षांत त्यांनी पुरंदर तालुक्यात प्रायोगिक शेतकी बँक काढण्याची योजना मांडली. सरकारने जुनी कर्जे फेडण्यास साहाय्य करावे, बँकेने पुढचे कर्ज रास्त व्याजाने द्यावे, आणि वसुलीला महसुली यंत्रणेचा हातभार लागावा, असा तिचा आराखडा होता. व्हाइसरॉय रिपन यांच्या सरकारने तिला अनुकूलता दर्शविली; लंडनमधील भारतमंत्र्यांनी ती फेटाळली. ज्या सासवडच्या परिसरातून आज अंजीर, सीताफळ आणि वाटाणा गुलटेकडीला येतो, तोच हा तालुका. ती बँक निघाली असती तर पश्चिम महाराष्ट्राच्या पतपुरवठ्याचा इतिहास दोन दशके आधी सुरू झाला असता, ही हळहळ मला कायम वाटत आली आहे.

नागरी सहकाराचा प्रारंभ मात्र सरकारी सनदेची वाट न पाहता झाला. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रीय कुटुंबांनी ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापिली, आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ साली, सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. पुण्यात १९०६ मध्ये कॉसमॉस, १९१२ मध्ये रुपी, १९१७ मध्ये जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये जनता सहकारी बँक निघाली. या शहराला अर्थविचाराची परंपरा होती. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि सहकाराला आयुष्य वाहिलेले वैकुंठभाई मेहता या दोघांनी सहकार हा दानधर्म नसून व्यवहार आहे, आणि व्यवहार असल्यामुळेच तो हिशोबाला कठोर असला पाहिजे, ही भूमिका महाराष्ट्रात रुजविली. १९५१ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत मात्र असे आढळले की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्के होता. उरलेला बहुतेक सारा सावकार, व्यापारी आणि आप्तेष्टांचा.

घाऊक धान्यबाजार नाना पेठ आणि भवानी पेठेच्या अरुंद बोळांतून, आणि घाऊक भाजीबाजार मंडईतून, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुलटेकडीला आला, तेव्हा केवळ बैलगाड्या आणि ट्रक हलले नाहीत, पत हलली. जुन्या पेठेत आडत्या, खरेदीदार, हुंडेकरी आणि हमाल एकाच गल्लीत राहत, एकाच देवळात जात. नव्या विस्तीर्ण आवारात गाळे झाले, विभाग झाले, राज्य वखार महामंडळाचे आणि पुढे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या कृषी पणन मंडळाचे मुख्य कार्यालयही येथेच आले, विश्वेश्वर सहकारी बँकेनेही आपले मुख्य कार्यालय याच परिसरात थाटले. परंतु गल्लीतील ती परस्परओळख कोणी तरी आता दप्तरात उतरवून ठेवणे भाग होते. ते काम बँकांच्या शाखांकडे आले.

ते काम प्रत्यक्षात कसे चालते हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. भुसार व्यापाऱ्याला बँक कॅश क्रेडिट देते, म्हणजे गोदामातील माल आणि वसूल व्हावयाची उधारी नजरगहाण ठेवून एका ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलण्याची मुभा देते. व्यापारी दरमहा मालसाठ्याचे विवरणपत्र भरतो. त्यातून ज्या मालाचे पैसे अजून द्यावयाचे आहेत तो वजा होतो, बहुधा नव्वद दिवसांहून जुनी उधारी वगळली जाते, उरलेल्यातून बँक आपला दुरावा राखते, आणि मग त्या महिन्याची उचल ठरते. कागद इतकेच सांगतो. नंतर शाखेचा अधिकारी गोदामात जातो. तूरडाळीची थप्पी भिंतीला टेकून छतापर्यंत उभी असते. लांबीची पोती, रुंदीची पोती आणि थर यांचा गुणाकार केला की आकडा मिळतो, पण थप्पी बाहेरून भरीव दिसली तरी आतून पोकळ असू शकते, हे ज्याला ठाऊक आहे तो शिडी मागवून वर चढतो आणि मधले पोते हलवून पाहतो. मागल्या महिन्यातीलच पोती या महिन्यातही त्याच जागी धूळ खात असतील तर माल खपत नाही. माल खपत नसेल तर विवरणपत्रातील किंमत बाजारातील किंमत नव्हे. असा अधिकारी दहा वर्षे याच आवारात फिरलेला असेल तर त्याला आणखीही काही दिसते. एखाद्या गाळ्यावर हमाली लांबू लागली, बारदानवाल्याचे पैसे थकू लागले, नेहमीचे शेतकरी शेजारच्या गाळ्यावर माल उतरवू लागले, या खुणा ताळेबंदात उमटण्याच्या फार आधी बाजारात उमटतात. दूरच्या महानगरातील मुख्य कचेरीत बसून गुणांकनाच्या तक्त्याने कर्ज मंजूर करणाऱ्याला हे ज्ञान सहजी मिळत नाही. स्थानिक बँकेचे खरे भांडवल ते हेच.

शेतकऱ्याच्या बाजूनेही असाच एक व्यवहार आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे: सुगीत भाव पडले असता शेतकऱ्याने सोयाबीन वा तूर बाजार समितीच्या वा वखार महामंडळाच्या गोदामात ठेवावी, मालाच्या किमतीच्या पाऊणपट रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने घ्यावी, आणि भाव सुधारल्यावर माल विकून कर्ज फेडावे. सुप्याच्या रयतेने वह्या जाळल्या त्या काळी तिच्या हाती अशी तारणाची सोय असती, तर खळ्यावरच माल सावकाराच्या स्वाधीन करण्याची पाळी तिच्यावर आली नसती.

आणि बाजार केवळ आडत्यांचा व शेतकऱ्यांचा नाही. पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला पत नव्हती, कारण त्याला पगारपत्रक नव्हते. डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभारली. त्या आणि तशा चळवळींतून १९६९ चा माथाडी कामगार कायदा आला. मजुरीचा भरणा माथाडी मंडळाकडे होऊ लागला, भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. हमालाच्या नावावर नियमित रक्कम जमा होऊ लागली त्या दिवशी तो कर्जास पात्र झाला. मुलीच्या लग्नासाठी, गावच्या घराच्या पत्र्यासाठी, दवाखान्यासाठी लागणारे वीस-पंचवीस हजार रुपये आठवडी व्याजाने घ्यावे लागू नयेत, हे माझ्या दृष्टीने बाजारातल्या बँकेचे आडत्याच्या कॅश क्रेडिटाइतकेच मोठे कर्तव्य आहे. पिग्मीचा प्रतिनिधी गाळ्यागाळ्यावरून, चहाच्या टपरीवरून, लिंबू-मिरचीच्या पाटीवरून रोजचे पन्नास-शंभर रुपये गोळा करीत फिरतो. या पद्धतीचा उगम १९२८ मध्ये दक्षिण कानडा जिल्ह्यात सिंडिकेट बँकेने केलेल्या प्रयोगात आहे. पण तिचा जीव अशा बाजारांत रमला, कारण येथील उत्पन्न दिवसाचे असते आणि खर्च वर्षाचा.

आता धोक्याकडे वळले पाहिजे, कारण जवळीक हे जसे या बँकांचे बळ तसेच त्यांचे मर्मस्थान. ज्याला ओळखतो त्याला कर्ज देणे सोपे जाते. ज्याला ओळखतो त्याला नाही म्हणणे अवघड जाते. संचालक आणि कर्जदार एकाच आवारातील, एकाच समाजातील, कधी एकाच कुटुंबातील असतात. रुपी बँक शंभर वर्षांची पुणेरी संस्था. मध्यमवर्गीय निवृत्तांच्या ठेवी तिच्यात होत्या. कर्जवाटपातील अनियमितता बाहेर आल्यावर २००२ मध्ये तिच्यावर प्रशासक आले; फेब्रुवारी २०१३ पासून ठेवी काढण्यावर निर्बंध आले; विलीनीकरणाचे प्रयत्न झाले आणि फिसकटले; ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द करण्याचा हुकूम काढला आणि २२ सप्टेंबर रोजी तो अमलात आला. त्या वर्षीच्या १८ मेपर्यंत ठेव विमा महामंडळाने ठेवीदारांना ७००.४४ कोटी रुपये चुकते केले होते. पैसे मिळाले, पण साडेनऊ वर्षे शस्त्रक्रियेसाठी, शिक्षणासाठी स्वतःच्याच पैशांपुढे अर्ज घेऊन उभे राहिलेल्या माणसांचा तो काळ कोणत्याही विम्याने परत मिळणारा नाही, आणि त्याचा विचार मनात आला की अजूनही संताप येतो.

ठेव विम्याचा इतिहासही महाराष्ट्राशी निगडित आहे. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ रोजी दर ठेवीदारामागे १,५०० रुपयांचे विमासंरक्षण सुरू झाले. सहकारी बँकांना ते १९७१ पासून मिळू लागले. १९९३ मध्ये मर्यादा एक लाख झाली आणि पुढची सत्तावीस वर्षे तेथेच गोठून राहिली. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांचा आक्रोश सप्टेंबर २०१९ मध्ये देशाने पाहिला त्यानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, ती पाच लाखांवर गेली. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागू झाल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन आले. १ मार्च १९६६ पासून चालत आलेला सहकार खाते आणि रिझर्व्ह बँक यांचा दुहेरी अंमल २०२० च्या कायद्याने बराचसा सैल झाला. लेखापरीक्षकाच्या नेमणुकीस मान्यता देणे, अकार्यक्षम संचालक मंडळ दूर करणे हे अधिकार रिझर्व्ह बँकेकडे गेले. डिसेंबर २०२२ पासून शंभर कोटी, हजार कोटी आणि दहा हजार कोटी रुपयांच्या ठेवी या सीमारेषांनी नागरी सहकारी बँकांचे चार स्तर पाडण्यात आले आणि पहिल्या स्तराहून वरच्या बँकांना बारा टक्के भांडवल-पर्याप्तता राखण्याचे बंधन घातले गेले.

वाढीविषयी मला बाजारातील सर्वसाधारण मताहून थोडे निराळे म्हणावयाचे आहे. शाखांची संख्या हे प्रगतीचे लक्षण मानण्याची आपल्याकडे सवय आहे. पण गुलटेकडीच्या व्यवहाराचे ज्ञान मुंबईच्या कापडबाजारात वा सुरतेच्या हिरेबाजारात उपयोगी पडत नाही. बँक दूर गेली की तिची शाखा इतर कोणत्याही बँकेच्या शाखेसारखीच होते, आणि मग तिला तंत्रज्ञानात, भांडवलात आणि व्याजदरात मोठ्यांशी सामना करावा लागतो. मोठ्या सहकारी बँकेलाही हा सामना सोपा नाही. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस बँकेच्या संगणकयंत्रणेवर घाला पडला आणि अनेक देशांतील एटीएममधून व परदेशी हस्तांतरातून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. कॉसमॉसच्या अंगी ते सोसण्याचे बळ होते. दोनशे कोटींच्या बँकेचा त्यात अंत झाला असता. म्हणून मार्च २०२४ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी जी राष्ट्रीय शिखरसंस्था कार्यान्वित झाली तिच्याकडून सामायिक संगणकसुरक्षा आणि अडचणीच्या वेळी रोकडतरलता ही दोन कामे व्हावीत; कर्ज कोणाला द्यावे हे मात्र ज्याने थप्पी पाहिली त्यानेच ठरवावे.

तातडीचा प्रश्न आहे तो संचालक मंडळांचा. २०२५ च्या बँकिंग कायदा दुरुस्तीने सहकारी बँकेच्या संचालकाची सलग कारकीर्द आठऐवजी दहा वर्षांपर्यंत वाढविली, तरीही दहा वर्षे पुरी होताच अनुभवी मंडळींना उठावेच लागेल. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा भरते. सभासदाला शेअर्स कितीही असोत, मत एकच असते. आणि अहवालाचे वाचन बहुतेक ठिकाणी ‘मंजूर, मंजूर’ या गजरात उरकते. गाळ्यांवर आता जी तिशी-पस्तिशीची पिढी बसते तिच्यातील पुष्कळांनी वाणिज्याची पदवी घेतली आहे, ती मोबाइलवर पट्ट्या पाठवते आणि वसुली पाहते. या पिढीने थकबाकीच्या तरतुदीचे पान उघडावे, संचालकांच्या नातलगांना दिलेल्या कर्जांचा आकडा उभे राहून विचारावा, आणि उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपण्यापूर्वी तो भरावा.