अकरा लाख पावलांची वाट

छत्रपती संभाजीनगरजवळून जाणारा समृद्धी महामार्ग मुंबई ते नागपूर 701 किलोमीटरचा. गाडीने आठ तासांचा प्रवास. फ्रान्सच्या सीमेवरून निघून स्पेनच्या उत्तर भागातून सांतियागो दे कोम्पोस्तेलाला पोहोचणारी ‘कामिनो’ या पदयात्रेची सर्वांत प्रसिद्ध वाट याहून लांब आहे. सुमारे 780 किलोमीटर, आणि तीही पायी. रोज 23-24 किलोमीटर चाललं तर 33 दिवस लागतात. एक पाऊल 70 सेंटिमीटरचं धरलं, तर ही अकरा लाखांवर पावलं होतात.

सुरुवातच अवघड आहे. पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वत ओलांडायचा असतो आणि त्यात बाराशे मीटरहून अधिक चढ आहे. आपल्या देवगिरीचा डोंगर साधारण 200 मीटर उंच. एका दिवसात असे सहा देवगिरी चढायचे आणि मुक्कामासाठी पलीकडे उतरायचं!

ही वाट येशूचे शिष्य संत याकोब यांच्या समाधीकडे जाते. समाधी सापडल्याची कथा नवव्या शतकातली, तर आजच्या कॅथेड्रलचं बांधकाम 1075 च्या सुमारास सुरू झालं. तिथलं धुपाटणंही अवाढव्य. वजन 53 किलो. ते झुलवायला आठ माणसं लागतात आणि झोक्याचा वेग ताशी 68 किलोमीटरपर्यंत जातो.

तरीही सगळ्यात अचाट आकडे यात्रेकरूंचे आहेत. सांतियागोच्या यात्री कार्यालयाच्या नोंदीत 1985 साली अवघे 690 जण होते. 2024 मध्ये ही संख्या 4 लाख 99 हजारांच्या पुढे गेली, म्हणजे चाळीस वर्षांत सातशे पटींहून जास्त. यामागे कुठला चमत्कार नाही. 1984 मध्ये वाटेवरच्या ओ सेब्रेरो गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या पिवळ्या रंगाचा डबा घेऊन निघाले आणि वाट चुकू नये म्हणून जागोजागी बाण रंगवत गेले. 1987 मध्ये युरोप परिषदेने या वाटेला पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. 1993 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचं नाव आलं.

‘कोम्पोस्तेला’ हे प्रमाणपत्र हवं असेल, तर निदान शेवटचे 100 किलोमीटर चालावे लागतात, सायकलवाल्यांना 200. आता गुणाकार करून पाहा. पाच लाख माणसं, प्रत्येकी किमान 100 किलोमीटर, म्हणजे वर्षाला पाच कोटी किलोमीटर. पृथ्वीपासून सूर्याचं अंतर पंधरा कोटी किलोमीटर आहे. त्याचा तिसरा हिस्सा ही माणसं एका वर्षात पायाखाली घालतात.

हीच 100 किलोमीटरची फूटपट्टी आपल्याकडे लावून पाहू. 3 डिसेंबरच्या फेस्ताला बेळगावहून जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनासाठी पायी जाणारे गट शंभर किलोमीटरच्या वर चालतात. योगायोग असा की, झेवियर यांचा जन्म 1506 साली स्पेनमधल्या नावारा प्रांतातल्या हाविएरच्या गढीत झाला, आणि कामिनोवरचं पाम्पलोना तिथून जेमतेम 50 किलोमीटरवर आहे. पैठणहून पंढरपूरला निघणारी नाथांची पालखी तर सुमारे अडीचशे किलोमीटर चालते. आषाढीला पंढरपुरात लाखोंची दाटी होते. म्हणजे कामिनोवर वर्षभरात जेवढे येतात, तेवढे आपल्याकडे एका एकादशीला जमतात. फरक नोंदीचा आहे. तिथे यात्री कार्यालयात येणाऱ्या एकेका माणसाची नोंद होते, तो कुठून निघाला हेही कळतं. आपल्याकडे मात्र अंदाजाने लाख मोजले जातात.

त्या नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसते. जवळपास दर तिघांपैकी एक जण सारिया गावातून, म्हणजे शेवटच्या 115 किलोमीटरवरून, चालायला लागतो. वाटाड्यासह निघणाऱ्या बऱ्याच पदयात्रा सहली याच टप्प्याच्या असतात. पाच-सहा दिवसांची चाल आणि दीड लाखांवर पावलं. सामान गाडीने पुढच्या मुक्कामी जातं, अगदी दिंडीच्या ट्रकसारखं. पाठीवर फक्त पाणी आणि रेनकोट. अकरा लाखांपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण रोज वीस-पंचवीस किलोमीटर, तेही लागोपाठ, हे बसून काम करणाऱ्या माणसाला सोपं नाही.

25 जुलै हा संत याकोबांच्या सणाचा दिवस रविवारी आला की सांतियागोत पवित्र वर्ष मानतात. पुढचं 2027 मध्ये आहे, तेव्हा गर्दी आणखी वाढेल. जायचा विचार असेल, तर सहलीचे पैसे भरण्याआधी एक परीक्षा घ्या. श्रावणातल्या शनिवारी संभाजीनगरहून हजारो लोक रात्रीतून चालत खुलताबादच्या भद्रा मारुतीला जातात. सुमारे 25 किलोमीटर, म्हणजे कामिनोची बरोबर एक मजल. तेवढं चाला आणि दुसऱ्या दिवशी चालतच परत या. तिसऱ्या दिवशी सकाळीही पाय चालायला तयार असतील, तर खुशाल नाव नोंदवा.