मधुमेही रुग्ण आणि विम्याचे कवच

मधुमेह ही जन्मभराची सोबत. आरोग्यविमा मात्र बहुधा रुग्णालयातील खाटेपुरताच. या विसंगतीची झळ आमच्या समाजसेवा विभागाकडे येणाऱ्या कुटुंबांना वारंवार जाणवते.

2018 साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पायाच्या चिघळलेल्या जखमेसाठी रुग्ण दाखल झाल्यास योजनेत समाविष्ट शस्त्रक्रियेचा खर्च भागतो. घरी परतल्यावर 15 दिवसांपर्यंतची औषधेही मिळतात. त्यानंतर इन्सुलिन, साखर तपासण्याच्या पट्ट्या आणि दर तीन महिन्यांची रक्ततपासणी यांचा भार बहुधा घरावरच पडतो. पैशाअभावी इन्सुलिन चुकते आणि जखम पुन्हा चिघळते. पाय कापण्यास साहाय्य मिळते. तो वाचविण्यास मिळत नाही.

खासगी विम्यात आधीपासूनच्या मधुमेहासाठी प्रतीक्षाकाल असतो. 2024 पासून तो 36 महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. आजार लपविल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून अर्जात त्याची नोंद अवश्य करावी.

मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशान्वये धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी शिधापत्रिका वा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखल होतानाच सोबत आणावा.

उरते ती रोजच्या औषधाची गरज. विमा जेथे थांबतो, तेथून पुढची वाट देणगीदारांच्या आधारानेच चालावी लागते. एखाद्या रुग्णाच्या वर्षभराच्या इन्सुलिनचा भार उचलावा, ही आमची नम्र विनंती.